कापूस विकला, अळ्या राहिल्या

माझ्या डाव्या हातावर, कोपराच्या थोडं खाली, एक व्रण आहे. लांबी साडेतीन इंच. मापं घेणं हा माझा धंदाच आहे, म्हणून अंदाजाने सांगत नाही, टेप लावून मोजला आहे. हा व्रण माझ्या नवऱ्याच्या हातून, माझ्याच कापडाच्या कात्रीने झाला. हे प्यायलेले नव्हते. यांनी जन्मात दारूला हात लावलेला नाही. आमचं भांडणही झालं नव्हतं. माझ्या कातडीखाली बोंडअळी शिरली आहे आणि आत्ताच्या आत्ता काढली नाही तर मी मरेन, अशी यांची खात्री झाली होती.

गावात अजूनही कित्येकांना हे पटत नाही. 'बायकोले कात्री मारली' एवढंच त्यांनी लक्षात ठेवलं आहे. त्यांच्यासाठी मी लिहीत नाही. ज्यांच्या घरात असं माणूस आहे, ज्यांना त्या माणसाची भीती वाटते आणि आपल्याच माणसाची भीती वाटते हे सांगायची लाज वाटते, त्यांच्यासाठी लिहिते आहे. डॉक्टरी भाषा मला येत नाही. घडलं तसं सांगते.

मधली खोली

आमचं गाव पुलगावजवळ. शेती सहा एकर, कपाशी आणि तूर. मी बी.कॉम. झालेली आहे, पण नोकरी केली नाही, ब्लाउज शिवते. पुढच्या खोलीत माझी मशीन आहे, गिऱ्हाइकं तिथेच येतात. शेती हेच बघायचे. एकुलता एक मुलगा प्रफुल वर्ध्याला मोटारसायकलच्या शोरूममध्ये कामाला आहे, रविवारी घरी येतो. माझा धाकटा भाऊ विलास पुलगावात राहतो. या गोष्टीत एवढीच माणसं आहेत.

गेल्या हंगामात आम्ही कापूस लगेच विकला नाही, मधल्या खोलीत भरला. दहा बाय बाराची खोली, माझ्या छातीपर्यंत ढीग. आमच्या भागात हे घरोघरी चालतं. आणि कापूस घरात भरला की घरादाराला खाज सुटते, हेही घरोघरी चालतं. मानेवर, पोटावर लाल पुरळ उठतो. मेडिकलवाल्यासमोर नुसतं जाऊन उभं राहिलं तरी तो मलम काढून देतो. कापसातून गुलाबी अळ्या बाहेर पडतात, भिंतीवर चढतात, कधी पाण्याच्या माठाच्या झाकणावर सापडतात.

म्हणून हे पहिल्यांदा म्हणाले, "मंदे, अंथरुणात अळ्या हायेत," तेव्हा मी चादर झटकली आणि झोपले.

इथेच आम्ही फसलो. वर्ध्याच्या एखाद्या बँकेतल्या माणसाने बायकोला सांगितलं असतं की गादीवर अळ्या चालत आहेत, तर दुसऱ्या दिवशी त्याला डॉक्टरकडे नेलं असतं. आमच्या घरात अळ्या होत्याच. माझ्या मानेवर पुरळ होता, प्रफुलच्या होता. यांना चार जास्त दिसत असतील, एवढंच वाटलं.

एका रविवारी आम्ही तिघांनी मिळून घरात औषध मारलं. तोंडाला फडकी बांधली, प्रफुलने शेतातला फवारणीचा पंप पाठीवर घेतला आणि हे मागे उभं राहून दाखवू लागले.

"थ्या कोपऱ्यात मार. पाह्य, कशा चढून राह्यल्या."

प्रफुल मारायचा.

"आता वर, आढ्याले. तिथं तर लय हायेत."

"बाबा, तिथं मले काई दिसून नाई राह्यलं."

"तुले मोबाइलशिवाय दिसतेच काय? मार."

आम्ही हसलो. प्रफुलने कोऱ्या आढ्यावर पंप मारला. आज मला त्या हसण्याचं वाईट वाटत नाही, त्या फवाऱ्याचं वाटतं. नसलेल्या अळ्यांवर आम्ही खरं औषध मारून दिलं. त्यानंतर यांना कोण सांगणार की तिथे काही नव्हतं?

ताट

पहिला मार मला दुपारच्या जेवणात बसला. वांग्याची भाजी होती. यांनी एक घास घेतला, ताटात बघितलं आणि भरलं ताट उचलून भिंतीवर फेकलं. वाटी फुटक्या आवाजाने घरंगळत माझ्या मशीनखाली गेली.

"मले अळ्या खाऊ घालतं काय वं?"

वांग्याच्या बिया होत्या. मी ताट उचलायला वाकले. तेवढ्यात मानेवर बुक्की बसली. साधी चापट नव्हती ती. शेतकऱ्याची मूठ, पूर्ण ताकदीने, वरून खाली. माझं तोंड फरशीवर आपटलं आणि खालचा एक दात ओठात रुतला. मी उठायच्या आत दुसरी बसली, तिसरी बसली. हे ओरडत होते, "चढल्या, बुचड्यात चढल्या!" यांनी माझा बुचडा मुठीत धरून मला फरफटत दारापर्यंत नेलं आणि डोकं चौकटीवर आपटलं, जसं मळलेलं फडकं आपटतात तसं.

दारात एक गिऱ्हाईक उभी होती. ब्लाउजची फिटिंग बघायला आलेली. ती किंचाळली आणि हे थांबले. मला सोडलं, स्वतःच्या हाताकडे बघितलं, आत जाऊन खाटेवर बसले. थोड्या वेळाने मला म्हणाले, "मंदे, तोंडाले काय झालं? पडली काय?"

दिवस मावळायच्या आत गावभर झालं होतं. विलास पुलगावहून मोटारसायकलने आला. यांच्यासमोर उभा राहिला.

"भाऊजी, हात कायले उचलला माह्या बहिणीवर?"

"कोणं? म्या?"

"नाई तं काय म्या?"

"विलास, पागल झाला काय बे? म्या तुह्या बहिणीले कवा हात लावला?" आणि माझ्याकडे वळून, खऱ्या काळजीने, "तूच सांग वं याले."

विलासने टाळी वाजवली. "वा भाऊजी! नाटकात जायाले पायजे होतं तुमाले."

मी यांचा चेहरा नीट बघितला. लग्नाला तीस वर्षं झाली आहेत. हे खोटं बोलतात तेव्हा उजवा कान खाजवतात. कान खाजवला नाही. यांना खरंच आठवत नव्हतं. मला त्या बुक्क्यांपेक्षा याची भीती जास्त वाटली.

कापूस विकला

विलासचं म्हणणं पडलं की कापसाची झळ डोक्यात गेली आहे, शिवाय इतकी वर्षं बिनाफडक्याचं फवारलेलं औषध. कापूस घरातून काढा, माणूस सुधारेल. मला ते पटलं. प्रफुलला पटलं. गंमत म्हणजे यांनाही पटलं. हेच सगळ्यांत पुढे होऊन गाडीत कापूस भरू लागले. भाव बघितला नाही, एका दिवसात पुलगावच्या बाजारात नेऊन विकून टाकला.

मग मी खोली फिनेलने धुतली, चुना मारला, अंथरुणं उन्हात घातली, जुनी गादी जाळली. दोन-चार दिवसांत माझी खाज गेली, मानेवरचा पुरळ वाळला. मोकळ्या खोलीत बोललं की आवाज घुमायचा. मला वाटलं, संपलं.

त्या आठवड्यातच एका दुपारी मी पुढच्या खोलीत हूक लावत बसले होते. हे मधल्या खोलीतून आले. चालताना पाय फरशीवर घासत होते. तेव्हा मी त्याला थकवा म्हणायचे. माझ्याजवळ उकिडवे बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "मंदे, हालू नोको."

"काऊन?"

"हातात गेली तुह्या. कातडीखालून वर चालली. हालशील तं खोल जाईल."

मी म्हटलं, "अहो, कापूस विकला ना आपण. खोली धुतली. आता कुठल्या अळ्या?"

हे माझं चुकलं. मी समजावायला नको होतं. यांनी कटिंगच्या पाटावरची मोठी कात्री उचलली. मी उठले, यांनी मला ढकललं, मी मशीनवर पडले, मशीन माझ्यासकट आडवी झाली. गुडघा माझ्या पोटावर ठेवला. माझा डावा हात मनगटाजवळ धरून फरशीवर दाबला आणि कात्रीचं एक पातं हातात घुसवून खेचलं. कापड फाटताना जसा आवाज येतो तसा आवाज आला असं मला वाटतं. कदाचित तो माझ्या बाहीचा असेल. मी ओरडत होते, हेही ओरडत होते. हे मला धीर देत होते. "झालं, झालं, निघाली, जरासक थांब, शेपूट दिसून राह्यलं." रक्तात बोट घालून हे अळी शोधत होते. यांचे डोळे भरून आले होते.

मी उजव्या हाताने जवळची लोखंडी इस्त्री उचलली आणि यांच्या कानशिलावर हाणली. गार इस्त्री होती, पण जड. हे बाजूला पडले. मी रांगत बाहेर आले आणि बाहेरून कडी लावली. आत हे दाराला धडका देत होते. "मंदे, दार उघड, अजून हायेत, अजून हायेत तुह्या हातात!"

मी ओट्यावर बसले, पदर हाताला गुंडाळला. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: खोली स्वच्छ आहे. कापूस नाही. मग या आल्या कुठून?

सुई

विलास आणि शेजारच्या दोघांनी यांचे हात-पाय दोराने बांधून गाडीत घातलं. तालुक्यातल्या एका खासगी दवाखान्यात एका खोलीत मला टाके घातले, दुसऱ्या खोलीत यांना खाटेला बांधलं. हे बांधलेल्या हातांनी खाट उचलत होते. आम्ही डॉक्टरांना सांगितलं, माणूस पिसाळला आहे, आधी शांत करा. त्यांनी शांत करायचं इंजेक्शन दिलं. मी त्या डॉक्टरांना दोष देत नाही. आम्ही जेवढं सांगितलं त्यावर त्यांनी जे योग्य वाटलं ते केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हाताला पट्टी घेऊन यांच्या खोलीत गेले. विलास म्हणाला, "पाह्य बाई, झाले ना एकदाचे शांत."

हे शांत नव्हते. लाकूड झाले होते. मान उशीपासून चार बोटं वर, तशीच तरंगत. मी यांचा हात उचलला तर पूर्ण दंडासकट खांदा उचलला गेला. डोळे उघडे, पापणी हलत नाही, लाळ गळते आहे. चमचाभर पाणी घातलं तर ते गळ्यात अडकून यांना ठसका लागला, चेहरा निळा पडला. संध्याकाळी ताप चढला. काल ज्या माणसाने मला मशीनसकट आडवं केलं होतं, त्याला आज थुंकी गिळता येत नव्हती.

डॉक्टरांनी स्वतःच म्हटलं, हे माझ्या हातातलं नाही, वर्ध्याला मोठ्या दवाखान्यात न्या. अँब्युलन्समध्ये मी यांची लाळ पुसत होते आणि मनात म्हणत होते, मरू दे. नंतर लगेच म्हणत होते, नको. पुलगाव ते वर्धा मी हेच केलं. असं कुणाच्या मनात येत असेल तर येऊ द्यावं. आलेलं जातं.

वाकडी घडी

वर्ध्याला मेंदूच्या डॉक्टरबाईंनी आधी ती औषधं बंद केली. नाकातून नळी, सलाइन, तापावर लक्ष. वॉर्डात सकाळी फरशी पुसायच्या आधी सगळ्या नातेवाइकांना बाहेर काढायचे. आम्ही जिन्यात चटया घेऊन बसायचो. जिन्यात ओळखी होतात. सेलूकडची एक बाई सासऱ्याला घेऊन आली होती. माझी पट्टी बघून तिने काही विचारलं नाही, स्वतःच्या कपाळावरची खोक दाखवली. मग आम्ही दोघींनी तिच्या डब्यातली भाकरी खाल्ली. त्या दिवसांत मला कुणी केलेली ती सगळ्यांत मोठी सोबत.

आठवडाभराने हे मान वळवू लागले. मग डॉक्टरबाईंनी मला आणि प्रफुलला बसवून प्रश्न विचारले. झोपेत ओरडतात का? मी म्हटलं, कितीतरी वर्षांपासून. झोपेत रानडुकरं हाकलतात, लाथा मारतात. मी वेगळी खाट टाकली होती. पाय घासत चालतात का? हो. वास कमी येतो का? फोडणी जळली तरी कळत नाही. एक दिवस एकदम चांगले, दुसऱ्या दिवशी हरवल्यासारखे? हो. हातात ठेवल्यासारखी स्पष्ट दिसणारी माणसं, जनावरं, किडे?

प्रफुल माझ्याकडे बघू लागला. ही सगळी उत्तरं आमच्या घरात होती. कुणी एका ठिकाणी मांडली नव्हती.

त्यांनी रोगाचं नाव सांगितलं: लेवी बॉडीचा स्मृतिभ्रंश. मेंदूच्या पेशींमध्ये एक प्रथिन असतं, सगळ्यांच्याच असतं. ते चुकीचं दुमडतं. मग पेशी ते बाहेर टाकू शकत नाही, त्याचे गोळे साठतात आणि ती पेशी हळूहळू मरते.

मी विचारलं, "एकदा वाकडी घडी पडली की पुढची घडीपण तिच्यावरच बसते, तसं?"

त्या म्हणाल्या, "जवळपास तसंच. एकाचं बघून दुसरं वाकडं होतं."

"इस्त्री करता येत नाही?"

"अजून तरी नाही."

मला त्यांचं 'अजून तरी नाही' आवडलं. 'होईल सगळं ठीक' म्हणाल्या असत्या तर मी त्यांच्यावर विश्वास ठेवला नसता.

आणखी एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली, आणि मीही इथे ती ठासून सांगते. या रोगाच्या माणसाला माथं शांत करायची काही इंजेक्शनं जिवावर बेतू शकतात. पुढे कुठेही, कितीही घाईत नेलं, तरी रोगाचं नाव आधी सांगायचं. मी ते नाव एका कापडावर मशीनने शिवून यांच्या सदऱ्याच्या आत लावलं आहे, प्रत्येक सदऱ्याच्या.

जिन्यात आल्यावर प्रफुल रडला. मग डोळे पुसून म्हणाला, "आई, बाबाची चुकी नाई, समजलं मले. पण अजून एक बार तुह्यावर हात टाकला ना, तं मी त्याले नागपूरकडं ठेवून देतो. हायेत तशा जागा. तिथं हात बांधून ठेवतात. ठेवू दे."

मी हो म्हटलं. माझ्या हातातले टाके अजून ओले होते.

टेप

घरी आल्यावर डॉक्टरबाईंनी सांगितलं ते सगळं केलं. वाद घालायचा नाही. खोलीत भरपूर उजेड. ठिपक्यांच्या, वेलबुट्टीच्या चादरी काढून साध्या घातल्या, कारण यांना नक्षी हलताना दिसते. शिवताना फरशीवर धाग्याचे तुकडे पडतात. गुलाबी धागा पडला की तो यांच्यासाठी अळीच. दर ब्लाउजामागे मी झाडू मारायला लागले. कात्री कुलपात. अंगावर चिकटवायच्या पट्टीचं औषध सुरू झालं आणि कितीतरी दिवस बरे गेले. हे मला भाजी निवडून द्यायचे, जुन्या गोष्टी सांगायचे.

सगळं आठवणीने काढलं, पण स्वतःच्या गळ्यातला टेप विसरले. शिवणारी बाई टेप गळ्यातच टाकते. मी तर मंगळसूत्रासारखा टाकते, मला तो जाणवतही नाही.

दिवाळीच्या आधीचा रविवार होता. प्रफुल अंगणात गाडी धूत होता. मी एका ब्लाउजपीसवर खुणा करत वाकले होते. मागून यांनी टेपची दोन्ही टोकं धरली आणि ओढली. यांना तो माझ्या गळ्याला वेढलेली अळी वाटला; ती काढायची होती, फेकायची होती, पण दोन्ही टोकं उलट्या बाजूंना. टेप कापडाचा असतो, तुटत नाही. माझे पाय सुटले. मी यांच्या छातीवर पाठीने लटकले आणि माझ्या कानाजवळ हे दात आवळून म्हणत होते, "सोड म्हणतो तिले, सोड," अळीला उद्देशून. डोळ्यांपुढे आधी पिवळं झालं, मग काळं.

शुद्धीवर आले ते आवाजाने. प्रफुल बापाला मारत होता. छातीवर बसून दोन्ही हातांनी तोंडावर. यांच्या नाकातून रक्त, चष्मा भिंतीपाशी. हे हात वर करून वाचवतही नव्हते, नुसते "प्रफुल, प्रफुल" म्हणत होते. मी ओरडायला गेले, आवाज निघाला नाही. मी मुलाच्या पाठीवर पडले तेव्हा तो थांबला. मग त्याने परकराच्या नाड्याने यांचे हात बांधले आणि स्वतः अंगणात जाऊन ओकला.

"पुढच्या रविवारी गाडी घेऊन येतो," जाताना म्हणाला. "तोवर सोडू नोको. माही शपथ हाये तुले."

कवडी

माझा गळा सुजला होता, बोलता येत नव्हतं. जेवताना, न्हाताना मी हात सोडायचे, नंतर बांधायचे. हे दिवसभर त्या नाड्याकडे बघत ओट्यावर बसायचे. "मंदे, सोड नं. काय केलं म्या?" मला उत्तर देता यायचं नाही, आणि तेव्हा मला ते बरंच वाटायचं.

त्या आठवड्यात कपाशीचा पहिला वेचा निघाला. मी आधीच ठरवलं होतं, यंदा कापूस घरात येणार नाही, शेतातूनच शेजारच्यांच्या गोदामात. पण वेचणाऱ्या बायांना सवय. त्यांनी गाठोडं आणून आमच्याच ओट्यावर टाकलं, यांच्या पायाशी, आणि पाणी प्यायला गेल्या. गाठ सुटली, कापूस पसरला. मी धावत आले. आता हे अळ्या अळ्या करणार, म्हणून मी दोन्ही हात पुढे धरून उभी राहिले.

हे कापसाकडे बघत होते. मग कपाळाला आठी घातली.

"हे कोणं वेचलं? कवडी टाकली यात."

अळीने खाल्लेलं, न फुललेलं, पिवळं पडलेलं बोंड म्हणजे कवडी. मी बघितलं. खरंच होती. चांगल्या कापसात मिसळून टाकली होती.

"सारा माल खराब करतात. हात सोड, काढून टाकतो."

मी विचार केला नाही असं नाही. केला. माझा गळा अजून हिरवा-काळा होता. पण हा आवाज मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. चिडलेला, कामातला, शेतावरचा आवाज. मी नाडा सोडला.

हे खाली बसले आणि वेचू लागले. एका बाजूला कवडी, एका बाजूला साफ. हात थरथरत होते, पण चुकत नव्हते. एका बोंडात खरी अळी निघाली. गुलाबी, जिवंत. मी भिंतीला टेकले. यांनी ती चिमटीत धरली, चिरडली, बोटं धोतराला पुसली आणि पुढचं बोंड घेतलं. ओरडले नाहीत. खऱ्या अळीची यांना भीती नव्हती, आयुष्यभर चिरडल्या होत्या.

मी डॉक्टरबाईंना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, हाताला ओळखीचं काम असलं की कधीकधी असं होतं. औषध समजू नका, आणि एकटं सोडू नका. मीही तेच सांगते.

रविवारी प्रफुल गाडी घेऊन आला. हे ओट्यावर ढिगापाशी बसले होते, हात मोकळे. तो माझ्याकडे बघून चिडला.

"सोडले तू हात?"

"बस," हे त्याला म्हणाले. यांच्या नाकावर त्याने केलेली जखम अजून होती; यांना ती कुणी केली ते आठवत नव्हतं. "उभा काय राह्यला पावण्यावानी? हात लाव."

प्रफुल बसला नाही. मी यांना चहा द्यायला वाकले आणि यांनी एकदम माझा डावा हात मनगटाशी धरला. प्रफुल पुढे झेपावला. मी दुसऱ्या हाताने त्याला थांबवलं. का थांबवलं ते मला सांगता येत नाही. 

यांनी माझा हात उन्हाकडे वळवला. बाही वर सारली. व्रणावर अंगठा ठेवून हळूच खालपर्यंत ओढला, जसा कापसाचा धागा किती लांब निघतो ते बघायला ओढतात. चष्म्यावरून बघितलं. मग हात माझा मला परत दिला.

"साफ हाये," म्हणाले, आणि बोंड उचललं.

 मग प्रफुल चपला काढून ढिगाच्या पलीकडे बसला.

त्यानंतर यांनी मला दोनदा मारलं आहे. एकदा पाणी देताना, एकदा काहीच कारण नसताना. पुढे हे वाढेल, असं डॉक्टरबाई सांगतात. मी दार उघडं ठेवून शिवते, टेप भिंतीवरच्या खिळ्याला असतो, आणि गाडीची वेळ येईल तेव्हा येईल. ती यंदा आली नाही. यांच्या हाताला काम राहावं म्हणून गोदामाचा बेत सोडला, वेचलेला कापूस मधल्या खोलीत भरला आहे. आता छातीपर्यंत आलाय. आम्हा तिघांनाही खाज सुटली आहे. परवा मेडिकलवाल्याने न विचारता चार ट्यूब काढून ठेवल्या आणि म्हणाला, "काकू, यंदा पुन्हा भरला काय घरात? मागच्या साली तं तुमी म्हणे विकून टाकलता."

"हौ," म्हटलं, "भरला."